नाण्याचा हिशेब आणि तासाचा हिशेब

बाजारातून एखादी वस्तू नाहीशी झाली की ‘लोकांची आवड बदलली’ असे कारण सर्रास दिले जाते. व्यापाऱ्यांनाही ते सोयीचे वाटते, कारण आवडीपुढे कोणाचे काही चालत नाही आणि दोषही कोणाच्या माथी येत नाही. परंतु पुष्कळदा आवड जागच्या जागी असते आणि वस्तू मात्र निघून जाते. इंग्लंड आणि अमेरिका येथील समुद्रकिनाऱ्यांवरच्या करमणूक केंद्रांत एकेकाळी ओळीने उभी असणारी पिनबॉलची यंत्रे हे याचे चांगले उदाहरण आहे. त्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास जमाखर्चाच्या अंगाने पाहिला, तर दुकान चालविणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला त्यातून विचारासाठी काही सामग्री मिळू शकेल.

पिनबॉल हे नाव अपरिचित वाटले, तरी त्याचे मूळ रूप अनेक मराठी घरांना ठाऊक आहे. मे महिन्याच्या सुटीत मुले बॅगाटेल खेळत. लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, गुणांचे आकडे लिहिलेल्या खळग्या आणि स्प्रिंगच्या दट्ट्याने उडवायची गोळी, एवढेच त्याचे साहित्य. पिनबॉल हे याच बॅगाटेलचे विजेवर चालणारे मोठे रूप होय. सुमारे सव्वादोन फूट रुंद आणि साडेचार फूट लांब असे काचेने झाकलेले उतरते मेज असते. त्यात ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी धावते, दिव्यांना, घंटांना व रबरी कड्यांना आदळते आणि गुण मिळवीत खाली येते. मेजाच्या तळाशी ‘फ्लिपर’ नावाचे दोन लहान दांडे असतात. बाजूची बटणे दाबून खेळाडू त्या दांड्यांनी गोळी पुन्हा वर टोलवतो. टोला चुकला की गोळी तळाच्या फटीतून जाते आणि ती पाळी संपते.

अठराशे नाण्यांच्या आत भांडवल मोकळे

स्प्रिंगच्या दट्ट्याचे पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह या गृहस्थाने १८७१ मध्ये अमेरिकेत घेतले. तो मूळचा ब्रिटनचा. ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे स्थायिक झाला होता. तथापि या खेळाचा खरा व्यापार सुरू झाला तो साठ वर्षांनी, जागतिक मंदीच्या काळात. १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब याने ‘बॅफल बॉल’ नावाचे लहानसे यंत्र बाजारात आणले. त्याची किंमत साडेसतरा डॉलर होती आणि एका सेंटच्या नाण्यात पाच ते सात गोळ्या खेळायला मिळत. बेकारीच्या दिवसांत एवढ्या स्वस्तात दुसरी करमणूक मिळणे कठीण होते. त्यामुळे पानतंबाखूच्या दुकानांपासून औषधांच्या दुकानांपर्यंत सर्वत्र ही यंत्रे पोहोचली.

यातील हिशेब पाहण्यासारखा आहे. साडेसतरा डॉलर म्हणजे १,७५० सेंट. दिवसाला शंभर खेळ झाले असे धरले, तर अठरा दिवसांच्या आत यंत्राची किंमत वसूल होई. त्या काळच्या यंत्रात वीजही नव्हती, म्हणून दुरुस्तीचा खर्च नाममात्र होता. इतक्या थोड्या दिवसांत भांडवल मोकळे करणारा धंदा दिसला, की त्यात उडी घेणारे कमी नसतात. शिकागो शहर पिनबॉल निर्मितीचे माहेरघर बनले आणि बॅली, विल्यम्स यांसारख्या कंपन्या तेथेच वाढल्या.

आरंभीच्या यंत्रांना फ्लिपर नव्हते. गोळी एकदा सुटली की ती कोठे पडेल हे बहुतांशी नशिबावर असे. काही ठिकाणी जिंकणाऱ्याला बक्षीस किंवा पैसेही दिले जात. म्हणून पिनबॉलवर जुगाराचा शिक्का बसला. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये शहरात या यंत्रांवर बंदी घातली आणि घणाचे घाव घालून ती फोडल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. कोनी आयलंडचा प्रसिद्ध समुद्रकिनारा याच शहराच्या हद्दीत येत असल्याने तेथील करमणूक केंद्रांनाही ही बंदी लागू झाली.

पाचच वर्षांनी, १९४७ मध्ये, गॉटलीबच्या कंपनीने ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात प्रथम फ्लिपर बसविले आणि खेळाचे स्वरूपच पालटले. आता गोळीवर खेळाडूचा ताबा आला आणि कौशल्याला वाव मिळाला. कायदा मात्र जुन्या समजुतीवर आणखी २९ वर्षे टिकून राहिला. अखेर १९७६ मध्ये रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगरपालिकेच्या समितीपुढे यंत्र मांडून, गोळी कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगितले आणि दट्ट्या ओढून तसे करून दाखविले. त्यानंतर बंदी उठली. त्याच वर्षी शेजारच्या न्यूजर्सी राज्यातील मतदारांनी अटलांटिक सिटी या समुद्रकिनाऱ्यावरील शहरात कॅसिनोंना परवानगी दिली. कौशल्याच्या खेळाची जुगाराच्या आरोपातून सुटका झाली, त्याच वेळी किनाऱ्यावर खऱ्या जुगारालाही दार उघडले. पुढील कथेत हा योगायोग महत्त्वाचा आहे.

गिरण्यांची सुटी आणि समुद्राचा धक्का

अमेरिकेत तयार झालेला हा खेळ १९३० च्या दशकातच ब्रिटनमध्ये पोहोचला आणि ‘पिन टेबल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. तेथे त्याचे हक्काचे स्थान म्हणजे समुद्रकाठची गावे. ब्रिटनच्या किनाऱ्यावर लोखंडी खांबांवर उभारलेले, समुद्रात दूरवर गेलेले लांब धक्के आहेत. त्यांना ‘पिअर’ म्हणतात. ब्लॅकपूल या एकाच गावात असे तीन पिअर असून त्यांतील सर्वांत जुना १८६३ चा आहे. पिअरवर आणि त्यासमोरच्या रस्त्यावर नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांची दालने थाटली गेली.

या दालनांचे गिऱ्हाईक कोण होते? ब्लॅकपूलला मुख्यतः लँकेशायरमधील कापडगिरण्यांचे कामगार येत. ज्या गिरण्यांच्या कापडाने एकेकाळी मुंबईच्या पेठा भरून जात, त्याच या गिरण्या. प्रत्येक गावाची एक ठरलेली सुटी असे. त्या आठवड्यात गिरण्या बंद होत आणि गावेच्या गावे आगगाडीने समुद्रावर येत. खिशात साठविलेली मजुरी, हाताशी आठवडाभराचा वेळ आणि वरून बेभरवशाचा इंग्लिश पाऊस. पाऊस आला की गर्दी आपोआप दालनात शिरे. पिनबॉलसारख्या यंत्राला याहून चांगले गिऱ्हाईक मिळणे शक्य नव्हते.

या धंद्याचा पाया मात्र दोन बाजूंनी खचत गेला. एकीकडे लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. दुसरीकडे १९६० आणि १९७० च्या दशकांत विमानप्रवास स्वस्त झाला, आणि एका रकमेत विमान, हॉटेल व जेवण देणाऱ्या सहली इंग्लिश कामगाराला स्पेनच्या उन्हात नेऊ लागल्या. समुद्रकाठी येणारे पूर्णपणे थांबले नाहीत. पण आठवडाभर राहणारी कुटुंबे कमी होऊन एका दिवसासाठी येणारे वाढले. ज्याच्यापाशी दिवसच थोडा आहे, तो एखादा खेळ शिकून घेण्यात वेळ घालवीत नाही.

तरीही केवळ गिऱ्हाईक घटले म्हणून पिनबॉल गेला असे म्हणता येत नाही. त्याच दालनांत इतर यंत्रे चालत राहिली. पिनबॉलवरील प्रेमही आटले नव्हते. ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने १९६९ मध्ये रचलेल्या ‘टॉमी’ या संगीतकथेचा नायकच मुळी पिनबॉलचा अजिंक्य खेळाडू आहे, आणि १९७५ मध्ये तीवर चित्रपटही निघाला. मग हीच यंत्रे दालनातून का हटली? त्याचे उत्तर गल्ल्यात शोधावे लागते.

गल्ल्यातील चार अडचणी

पहिली अडचण नाण्याची. दुकानदार मालाचा भाव चार-आठ आण्यांनी वाढवू शकतो. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला ते जमत नाही. त्याचा भाव नाण्याच्या पायरीनेच चढतो. अमेरिकेत पंचवीस सेंटचे नाणे सर्वांच्या खिशात असे, त्यापुढचे पन्नास सेंटचे नाणे चलनात क्वचितच दिसे. म्हणून खेळाचा दर वाढवायचा, तर एकदम दोन नाणी मागावी लागत, म्हणजेच भाव दुप्पट करावा लागे. ब्रिटनमध्ये वीस पेन्सचे नाणे १९८२ मध्ये आले आणि एक पौंडाचे १९८३ मध्ये. भाडे, पगार आणि सुटे भाग दरवर्षी महागत असताना दर मात्र वर्षानुवर्षे एकाच नाण्यावर अडून राहिला. यावर यंत्रमालकांनी काढलेला उपाय किराणा व्यापाऱ्यांना ओळखीचा वाटेल. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांचाच राहतो, फक्त आतील वजन कमी होते. तसेच पिनबॉलमध्ये एका खेळातील पाच गोळ्यांच्या तीन झाल्या.

दुसरी अडचण कुशल गिऱ्हाइकाची. पिनबॉलमध्ये खेळाडू जितका तरबेज, तितका तो एका नाण्यात अधिक वेळ खेळतो. शिवाय ठरावीक गुण मिळविले की एक खेळ फुकट मिळतो. म्हणजे जो गिऱ्हाईक सर्वांत अधिक प्रेमाने आणि नियमितपणे येतो, त्याच्यापासूनच यंत्रमालकाला तासाला सर्वांत कमी उत्पन्न होते. निष्ठावान गिऱ्हाईकच तोट्याचा ठरावा अशी रचना फार थोड्या धंद्यांत असते.

तिसरी अडचण दुरुस्तीची. यंत्रात काही हजार सुटे भाग असतात. ऐंशी ग्रॅमची पोलादी गोळी दिवसभर आपटत राहिली, की रबरी कडी तुटतात, दिवे जातात, स्विच वाकतात आणि मेजाचा रंगही झिजतो. समुद्रकाठी यात खाऱ्या व दमट हवेची भर पडते. धातूच्या जोडांवर गंज चढतो आणि वाळूचे कण आत शिरतात. हंगाम संपल्यावर थंडीत बंद राहिलेले यंत्र वसंतात सुरू करायचे, तर जाणता कारागीर लागतो. असा कारागीर निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली कोणी तयार झाला नसेल, तर यंत्र काही दिवस अर्धवट चालते. एक फ्लिपर लुळा पडतो, गिऱ्हाईक एकदा फसतो आणि पुन्हा त्या यंत्राकडे फिरकत नाही. मग ‘याला आता कोणी विचारत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात देखभाल आधी थांबलेली असते आणि मागणी नंतर घटलेली असते.

चौथी अडचण शेजाऱ्याची. दालनातील प्रत्येक चौरस फुटाला भाडे असते, म्हणून प्रत्येक यंत्राची तुलना शेजारच्या यंत्राशी होते. १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’. व्हिडिओ खेळाच्या यंत्राला जागा कमी लागे, हलणारे भाग फारच थोडे असत आणि खेळ झपाट्याने कठीण होत गेल्याने सामान्य गिऱ्हाइकाची पाळी काही मिनिटांत संपे. एक खेळ जुना झाला, तर तीच पेटी ठेवून आतील सर्किट बदलता येई. ब्रिटिश दालनांत याखेरीज फ्रूट मशीन आणि नाणी ढकलणारे यंत्र होते. या दुसऱ्या यंत्रात गिऱ्हाईक वरून नाणे टाकतो, मागेपुढे सरकणारी फळी नाण्यांचा ढीग ढकलते, काही नाणी त्याच्याकडे पडतात आणि काही बाजूच्या फटींतून मालकाच्या पेटीत जातात. पडलेली नाणी गिऱ्हाईक पुन्हा आत टाकतो. यात कौशल्य जवळजवळ लागत नाही, दुरुस्ती थोडी असते आणि एकाच यंत्राभोवती अनेक माणसे उभी राहू शकतात. ब्रिटनच्या २००५ च्या जुगारविषयक कायद्यातही अशा किरकोळ रकमेच्या यंत्रांना वयाची अट नाही, त्यामुळे मुलेही ती खेळू शकतात. ज्या कौशल्याच्या खेळावर कधीकाळी जुगार म्हणून घण पडले, त्याची जागा समुद्रकाठी अशा रीतीने नशिबाच्या यंत्रांनी घेतली.

नफा असूनही बंद

निर्मात्यांची गतही वेगळी झाली नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी पिनबॉलला पुन्हा बहर आला होता. बॅलीच्या नावाने १९९२ मध्ये निघालेल्या ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ या यंत्राची वीस हजारांहून अधिक विक्री झाली. आधुनिक काळातील हा उच्चांक होय. परंतु हा बहर ओसरताच १९९६ मध्ये गॉटलीबची परंपरा संपली. विल्यम्स कंपनीने पडद्यावरील चित्रे आणि खरी गोळी यांचा मेळ घालणारे नवे तंत्र काढून शेवटचा प्रयत्न केला आणि १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये पिनबॉल विभागच बंद केला. तिचा कॅसिनोच्या स्लॉट मशीनचा धंदा अधिक परतावा देत होता. तेवढा तिने ठेवला. त्यानंतर कित्येक वर्षे शिकागोजवळची स्टर्न ही जगातील एकमेव मोठी पिनबॉल उत्पादक कंपनी उरली.

अर्थशास्त्रात यास संधी खर्च म्हणतात. एका कामात गुंतविलेला रुपया दुसऱ्या कामात किती मिळविता, त्यावरून पहिल्या कामाची किंमत ठरते. समुद्रकाठच्या दालनातील यंत्र गिऱ्हाइकाला आवडते की नाही, एवढ्यावर त्याचा निकाल लागत नसे. ते नफा देत असले, तरी शेजारचे यंत्र अधिक देत असेल तर त्याला बाहेरची वाट धरावी लागे. हिशेब म्हणून यात चूक काढता येत नाही. दालनमालकाने भाडे भरायचे होते आणि कामगारांचे पगार द्यायचे होते.

आजचा हिशेब मांडला तर चित्र अधिक स्पष्ट होते. नव्या पिनबॉल यंत्राच्या साध्या आवृत्तीची किंमत अमेरिकेत सात हजार डॉलरच्या आसपास आहे. एका खेळाला एक डॉलर धरला, तर किंमत वसूल होण्यास सात हजार खेळ व्हावे लागतात. १९३१ मध्ये १,७५० खेळ पुरत होते. भांडवल मोकळे होण्याची वाट चौपट लांबली आणि त्यावर दुरुस्तीचा बोजा चढला.

मोजमाप बदलणारे

येथे कथा संपायला हवी होती, पण संपली नाही. न्यूजर्सीच्या किनाऱ्यावर अ‍ॅस्बरी पार्क नावाचे गाव आहे. तेथे समुद्रालगतच्या लाकडी फरसबंदीवर सिल्व्हरबॉल नावाचे संग्रहालय या शतकात सुरू झाले. निरनिराळ्या दशकांतील पिनबॉल यंत्रे तेथे मांडलेली आहेत आणि ती खेळण्यासाठी आहेत. तेथे यंत्रात नाणे टाकायचे नसते. गिऱ्हाईक दाराशीच तासाचे किंवा दिवसाचे पैसे भरतो आणि आत वाटेल ते यंत्र वाटेल तितके खेळतो.

दिसायला हा बदल लहान आहे. परंतु वर सांगितलेल्या अडचणी आता पुन्हा तपासून पाहाव्यात. नाण्याच्या पायरीचा प्रश्नच उरत नाही, कारण तासाचा दर हवा तसा ठरविता येतो. तरबेज खेळाडू एका गोळीवर अर्धा तास खेळला, तरी मालकाचे काही जात नाही, कारण त्याने वेळेचे मोल आधीच दिलेले आहे. एखादे यंत्र बंद पडले, तर गिऱ्हाईक शेजारच्या यंत्राकडे वळतो आणि उत्पन्न थांबत नाही. यंत्रे एकमेकांची प्रतिस्पर्धी न राहता एकाच मालाचा भाग बनतात. दुरुस्तीचा खर्च तेवढा कायम राहतो, आणि म्हणून अशी ठिकाणे तेथेच टिकतात जेथे काम जाणणारा माणूस असतो. लहानपणी समुद्रकाठी हा खेळ खेळलेले अनेक जण मोठेपणी ही यंत्रे घरासाठीही विकत घेऊ लागले. न्यूजर्सीमध्येच २०११ साली जर्सी जॅक ही नवी उत्पादक कंपनी स्थापन झाली. पिनबॉलला जुने वैभव परत मिळाले असे म्हणता येणार नाही. समुद्रकाठच्या बहुसंख्य दालनांत तो आज दिसत नाही. परंतु आवड मेली होती हा समज मात्र खोटा ठरला.

प्रत्येक जुन्या दुकानात असा एखादा माल असतो. त्याचा नफा बारीक असतो, तो जागा अडवितो, त्याची निगा राखावी लागते आणि नवी पिढी ‘हे आता काढून टाका’ म्हणते. नव्या पिढीचे म्हणणे बरेचदा बरोबरही असते. भाडे आणि व्याज कोणासाठी थांबत नाही. केवळ जुना म्हणून माल धरून ठेवणे यात शहाणपण नाही. पण तो काढण्यापूर्वी दोन गोष्टी पडताळून पाहाव्यात. मागणी आधी घटली की निगा आधी सुटली, ही एक. आणि आपण तो माल ज्या मापाने विकतो, ते माप आजही योग्य आहे का, ही दुसरी. लग्नकार्याची मोठी पातेली विकत घेणारे घर आज क्वचितच सापडेल. तीच पातेली दिवसाच्या भाड्याने देणाऱ्यांचा धंदा मात्र चालू आहे.

येत्या दिवाळीत नव्या वह्या घालताना अशा मालासाठी एक पान निराळे राखावे. त्यावर त्या मालाचा नफा तर लिहावाच. शिवाय त्याच्यासाठी म्हणून दुकानात येणारे गिऱ्हाईक आणखी काय घेऊन जाते, त्याची निगा राखणारा जाणता हात कोणाचा आहे आणि त्याच्यानंतर कोण, हेही लिहावे. वर्षभराने ते पान घरातील वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून वाचावे आणि मगच तो माल ठेवायचा की काढायचा हे ठरवावे.